जाहिरातीतली नव्वद सेकंदं

रविवारी उद्यमबाग बंद,
तरी चौघांच्या हातांना कटिंग ऑइलचा वास होताच.
अनगोळात आमच्या माडीवर साडेतीन वाजता
जिन्यात चपलांचा ढीग.
डिशचं रिचार्ज माझ्या पगारातून,
हे मी आधीच सांगून टाकलं,
म्हणजे रिमोटवरनं भांडण नको.

बाबा टीव्हीच्या टेबलाला चिकटून बसले.
तीस वर्षं लेथवर गेली. डाव्या कानात
आता शिट्टीखेरीज काही येत नाही.
ते फळीवर तळहात ठेवतात
आणि शर्यत हातानं ऐकतात.

आमची गाडी बासष्ट नंबरची.
पिवळी, गरीब टीमची, कायम शेवटून तिसरी.
आमची का? तर गेल्या साली मौलालीनं
तिच्या चालकाला स्वतःच्या हेल्मेटची काच
स्वतःच्या बाहीनं पुसताना बघितलं होतं.
तेवढ्यावर ठरलं.

आज ती नववी होती.
नववी! भरमू दर फेरीला उठून बसत होता,
आणि कॅमेरा मात्र पहिल्याच्या मागं,
जो एकटा, निवांत,
रिकाम्या रस्त्यावरनं घरी चालल्यासारखा.
मग एक बोट दाखवली. मग एका बाईचा गॉगल.
"काय दाखवालेत रे हे?
मारामारी मागं लागलीया की!"
दुंडाप्पा म्हणाला, "एनप्पा इदु,
ब्रेक मारायच्या टायमाला आभाळ दाखवतोय."
हिंदीतला समालोचक 'तूफान' म्हणाला.
मी क्वालिटीत आहे, मोजायची खोड.
तोवर एकोणीस वेळा झालं होतं.

एकदाच, चार सेकंद,
बासष्टच्या आतला कॅमेरा लागला.
हातमोजे, थरथरणारं चाक, आणि तो आवाज.
बाबांनी फळीवरचा हात उचलला.
"बेरिंग गेलं."
कोण काही बोललं नाही.
पडद्यावर गाडी पिवळीधम्मक, सुरेख चालली होती.
"उजवं मागचं," बाबा म्हणाले,
आणि जाहिरात लागली.

भिंतीचा रंग. कुकर. पुन्हा भिंतीचा रंग.
परत आलो तेव्हा खालच्या पट्टीत
बासष्टपुढं एक शब्द: बाद.
चित्र नाही, रिप्ले नाही.
पहिला अजून घरीच चालला होता.

मौलाली उठला, त्यानं आवाज बंद केला.
"क्या हुआ होगा, मैं बताता," म्हणाला
आणि आपला अर्धा चहा राहिलेला कप
फरशीच्या रेघेवर ठेवला.
हा बासष्ट.
भरमूची काडेपेटी आठवी, दुंडाप्पाचा चष्मा दहावा,
पलंगाचा पाय म्हणजे वळण.
भरमूच्या मते मागनं कुणीतरी ठोकर दिली.
दुंडाप्पाला धूर पाहिजे होता, त्यानं विडी पेटवून
कपामागं धरली. मौलाली ऐकेना.
त्याचा चालक इंजिन मरायच्या आधीच
गाडी कडेला घेतो,
मागच्यांना वाट देतो, मग उतरतो,
आणि काच पुसतो.
तीन भाषांत ती नव्वद सेकंदं
आम्ही सात वेळा पळवली.
"वळण एवढं बारीक नसतं," मी म्हटलं,
खाली बसले, आणि कप दोन बोटं बाहेर सरकवला.
बाबांनी फरशीवर तळहात टेकला.
"आता बरोबर," म्हणाले.

वर मुक्या पडद्यावर कुणीतरी जिंकलं होतं,
बाटलीचा फेस उडत होता.
आमच्यातल्या कुणी मान वर केली नाही.

अंधार पडल्यावर आई कप गोळा करायला आली.
चार उचलले.
पाचव्याकडं हात गेला तेव्हा
चौघेही एकदम ओरडले.
तो रात्रभर तिथंच होता,
पलंगाच्या पायापासून वीतभर लांब,
कडेला घेतलेला,
वर साय धरलेला.